एका ‘मी’साठी आभार

खानम, सलाम.

आम्हाला फारसी शिकवून तुम्ही इराणला, इस्फहानला परत गेलात त्याला दोन वर्षं होत आली. निघायच्या आदल्या संध्याकाळी तुमच्या खोलीवर चहा होता, आम्हा सगळ्यांना बोलावणं होतं. मी आलो नाही. पाऊस होता हे खरं, पण डेक्कनवरून औंधला येणं काही अवघड नव्हतं. कंटाळा केला, झालं. दुसऱ्या दिवशी फोनवर ऐटीत फारसी फेकली, ‘दीशब तुनेस्तम बियाम.’ पलीकडे क्षणभर शांतता, मग तुमचं हसू. ‘आलात? मग दिसला कसे नाहीत?’

मला म्हणायचं होतं, काल येता आलं असतं. म्हणून बसलो, काल येता आलं. म्हणजे जमलं, आलोसुद्धा! बॅगा भरायच्या सोडून तुम्ही वीस मिनिटं मला एवढंच समजावत बसलात की आधी ‘मी’ लावा. ‘मीतुनेस्तम बियाम.’ ‘बियाम’ला हात लावायचा नाही, ते दोन्हीकडे तसंच. नुसतं ‘तुनेस्तम’ म्हणजे काम फत्ते. ‘मीतुनेस्तम’ म्हणजे अंगात बळ होतं. पुढे काय झालं ते हा शब्द सांगतच नाही. लहानपणी झाडावर सरसर चढता यायचं, तिथेही हेच रूप आणि हुकलेल्या चहालाही हेच. कुठलं ते मागच्यापुढच्या बोलण्यावरून ओळखायचं. (मराठी कानाला तो ‘मी’ आपलाच वाटतो, म्हणून जास्त घोळ.) रागावू नका, पण या बाबतीत आमचं ‘आलं असतं’ मला अजून उजवं वाटतं.

‘तुनेस्तन’चं पुस्तकी रूप ‘तवानेस्तन’, हे सांगताना तुम्ही सहज विचारलंत, तुमच्याकडे ‘तवाना’ नाही का? आणि मी उडालोच. रोज सकाळी अंघोळ करून आम्ही ताजेतवाने होतो की! जुन्या मराठी कागदांतला ‘नातवान’, म्हणजे दुबळा, तोही याच घरचा.

सगळ्यात उपयोगी पडलं ते मात्र शेवटचं. ‘बायद बियाम’ म्हणजे यायला हवं, अजून वेळ आहे. ‘बायद मीउमदम’ म्हणजे यायला हवं होतं, वेळ गेली. इथे ‘मी’ थेट येण्यालाच चिकटतो. तुम्ही ते माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलंत. तिसऱ्यांदा म्हणताना माझा आवाज जरा बसला होता. तुम्हाला ते कळलं असणार, पण तुम्ही फक्त उच्चार सुधारलात. त्याबद्दल वेगळे आभार.

नवरोजला, तुमच्या नववर्षाला, या म्हणून तुमचा निरोप आलाय. उत्तरात ‘बायद बियाम’ लिहिलंय, ‘मी’ न लावता. पासपोर्ट नव्याने काढायला टाकला आहे.

खेली मम्नून.

तुमचा रविवारचा विद्यार्थी