घडवणे, जोडणे आणि विकत घेणे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील छंदविषयक सदरात रोबोंच्या प्रतिकृतींवरचा लेख वाचला. हा विषय पोरखेळ म्हणून उडवून न लावता त्यावर पानभर मजकूर छापल्याबद्दल आपले आभार. मात्र लेखाचा सगळा डोलारा ज्या एका विधानावर उभा आहे, ते मला पटले नाही. सुटे भाग जोडून रोबो उभा करणारा तोच खरा छंद जोपासणारा, आणि कारखान्यातच जोडून व रंगवून आलेली महागडी फिगर घेऊन कपाटात ठेवणारा निव्वळ गिऱ्हाईक, असे लेखकाचे म्हणणे आहे. मी वीसएक वर्षे किट जोडत आलो आहे आणि गेली काही वर्षे तयार फिगरही घेतो. त्यामुळे या वादात माझा एकेक पाय दोन्ही बाजूंना आहे, हे आधीच सांगून टाकतो.

हा वाद मुळात जिथून सुरू झाला, तिथला इतिहास लेखात यायला हवा होता. 'मोबाइल सूट गंडम' ही योशियुकी तोमिनो यांनी दिग्दर्शित केलेली, गंडम नावाच्या महाकाय रोबोची ॲनिमेशन मालिका जपानी दूरचित्रवाणीवर एप्रिल 1979 मध्ये सुरू झाली. तिच्यातील यंत्रांची रेखाटने कुनिओ ओकावारा यांची होती. क्लोव्हर ही खेळणी बनवणारी कंपनी तिची मुख्य प्रायोजक होती आणि ती लहान मुलांसाठी तयार खेळणी विकत असे. मालिकेची गोडी मात्र त्याहून मोठ्या मुलांना लागली, त्यांना ती खेळणी बाळबोध वाटत, आणि 52 भागांची म्हणून आखलेली मालिका जानेवारी 1980 मध्ये 43 भागांवरच आटोपती घ्यावी लागली. त्यानंतर, म्हणजे मालिका संपून गेल्यावर, जुलै 1980 मध्ये बांदाई कंपनीने गंडमचे 1/144 प्रमाणातील पहिले किट 300 येनला बाजारात आणले आणि त्यासाठी झुंबड उडाली. ते किट एकाच रंगाच्या प्लास्टिकचे होते, त्याला गोंद लागे, रंग स्वतः द्यावा लागे, आणि त्याचे पाय जेमतेम वाकत. तरीही मुलांनी ते उचलले, कारण पडद्यावर दिसणारा रोबो त्यांना त्यात दिसत होता. कष्टांची महती वगैरे गोष्टी त्यांच्या डोक्यात असतील असे मला वाटत नाही. आज तोच निकष लावला, तर पडद्यावरच्या चित्राच्या सर्वांत जवळ जाणारी वस्तू पुष्कळदा तयार फिगरच असते.

लेखातील दुसरी गोष्ट म्हणजे किट जोडायला गोंद आणि रंग अपरिहार्य असतात, हे विधान. ते 1980 च्या किटपुरते खरे आहे. 1990 मध्ये आलेल्या 1/144 प्रमाणातील 'हाय ग्रेड' मालिकेच्या पहिल्याच किटमध्ये एकाच चौकटीत (सुटे भाग जिला चिकटून येतात त्या प्लास्टिकच्या जाळीत) चार रंगांचे भाग ओतलेले होते आणि ते नुसते दाबून एकमेकांत बसत. पुढे 1995 मध्ये 1/100 प्रमाणातील 'मास्टर ग्रेड' आणि 1998 मध्ये 1/60 प्रमाणातील 'परफेक्ट ग्रेड' आले. मूळ कल्पनेतला गंडम 18 मीटर उंच असल्यामुळे टेबलावर तो अनुक्रमे साडेबारा, अठरा आणि तीस सेंटिमीटर भरतो. नंतर 2010 मध्ये आलेल्या 'रिअल ग्रेड'ने तर मोठीच गंमत केली. त्यातील सांगाडा साच्यातून निघतानाच सांध्यांसकट निघतो; चौकटीतून कापून हातात घेतला की गुडघा वाकतो, कोपर वळते. म्हणजे 'स्वतः जोडलेल्या' रोबोचे महत्त्वाचे सांधे आधीच कारखान्यात जोडून झालेले असतात. मग जोडलेले कोणते आणि तयार कोणते, यांच्यामधली रेघ लेखकाने नेमकी कुठे ओढली आहे?

माझा मुख्य आक्षेप 'स्वतःच्या हातांनी घडवणे' या शब्दप्रयोगाला आहे. मराठीत घडवणे आणि जोडणे ही दोन वेगळी क्रियापदे आहेत आणि ती वेगळीच ठेवलेली बरी. मातीपासून मूर्ती करणारा घडवतो. प्लास्टिकच्या कोऱ्या पत्र्यातून रोबोचा खांदा कापून काढणारे, दोन किटांचे अवयव एकत्र करून तिसराच रोबो उभा करणारे लोकही या छंदात आहेत, आणि त्यांना घडवणारे म्हणायला माझी मुळीच हरकत नाही. परंतु माझ्यासारखे बहुसंख्य लोक बांदाईचा किटांचा कारखाना असलेल्या जपानमधल्या शिझुओकातील कोणा अभियंत्याने आधीच विचार करून पाडलेले भाग, त्याच अभियंत्याने दिलेल्या पुस्तिकेतील क्रमाने, बरोबर त्याच जागी बसवतात. त्यात कौशल्य आहे, चिकाटी आहे, आनंद तर आहेच. पण रचना दुसऱ्याची आहे. तयार फिगर घेणाराही दुसऱ्याच्याच रचनेचा आस्वाद घेत असतो. तेव्हा निर्मितीच्या नावाखाली एकाला दुसऱ्याच्या डोक्यावर बसवण्यात अर्थ नाही.

याचा अर्थ दोन्ही गोष्टी सारख्याच आहेत असा नव्हे. किट जोडण्यातून एक गोष्ट मिळते, जी तयार फिगर कितीही महाग असली तरी देत नाही, आणि आश्चर्य म्हणजे लेखात तिचा उल्लेखही नाही. ती म्हणजे वस्तूच्या आतली ओळख. भाग चौकटीतून काढताना निपरने, म्हणजे छोट्या कातर-पकडीने, पहिला घाव थोडा लांब आणि दुसरा अगदी जवळ घालायचा, नाहीतर गडद रंगाच्या प्लास्टिकवर पांढरा डाग उमटतो. उरलेला खुंट आधी 400, मग 800, मग 1000 नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचा. चिलखताच्या खाचांमध्ये पातळ काळी शाई सोडायची. हे वाचून समजते, पण कळते ते एखादा भाग वाया घालवल्यावरच. मी एकदा एनॅमलचा थिनर सढळ हाताने वापरून खाचा पुसल्या आणि सकाळी पाहतो तो एबीएस प्लास्टिकचा गुडघा तडकून दोन तुकडे झालेला. एबीएसला, विशेषतः ताणाखाली असलेल्या भागाला, तो थिनर सोसत नाही, हे मी त्या दिवसापासून विसरलेलो नाही. असा गुडघा ज्याने एकदा मोडला आणि उघडून दुरुस्त केला, त्याला पुढच्या प्रत्येक रोबोचा गुडघा बाहेरूनच वाचता येतो.

आता तयार फिगरविषयी. तिची परंपरा गंडमहूनही जुनी आहे. पॉपी कंपनीने 1974 मध्ये 'माझिंगर झेड' या त्याआधीच्या रोबो-मालिकेची जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेली खेळणी 'चोगोकिन' या नावाने आणली. हे नावच मुळी त्या कथेतल्या काल्पनिक धातूचे. त्याच परंपरेतील 'सोल ऑफ चोगोकिन' ही मालिका 1997 पासून मोठ्या वयाच्या संग्राहकांसाठी निघू लागली. अशी फिगर प्रथम हातात घेतली तेव्हा मी जे अनुभवले, ते किटने कधी दिले नव्हते: वजन. किटचा रोबो दिसायला कितीही अवजड असला, तरी उचलला की रिकाम्या डबीसारखा लागतो. धातूचा सांगाडा असलेली फिगर मनगटाला जाणवते, आणि एक पाय पुढे टाकून उभी केली की तिचा भार खरोखरच त्या पायावर पडतो. शिवाय तिच्यावरची इवलीशी इशाऱ्याची अक्षरे कारखान्यातच छापलेली असतात. माझ्यासारख्या चाळिशी लागलेल्या माणसाला, शंभराहून अधिक डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायच्या अक्षरांच्या पातळ पट्ट्या) चिमट्याने पाण्यातून उचलून एकेक करून बसवण्याची हौस फिटल्यावर, ही सोय किती मोठी वाटते हे त्या लेखकाला आणखी काही वर्षांनी कळेल.

तक्रारीला जागा आहेच. तयार फिगरचे स्क्रू बहुधा झाकणांखाली दडलेले असतात, पीव्हीसीचे भाग वर्षानुवर्षे बंद खोक्यात राहिले तर चिकट होऊ शकतात, आणि सांध्यापाशी रंग घासला गेला तर तो जुळवून पुन्हा देणे कठीण असते. माझ्या एका फिगरचा घोटा खोक्यातून काढला तेव्हाच सैल होता. मी किटवर शिकलेला उपाय केला. सांध्याच्या गोळीवर नखांना लावायच्या पारदर्शक पॉलिशचा पातळ थर दिला, तो पूर्ण वाळू दिला आणि मगच गोळी परत बसवली. घोटा आजतागायत घट्ट आहे. ज्याने कधीच किट जोडलेले नाही, त्याला ती फिगर परत पाठवण्याशिवाय दुसरे काही सुचले नसते. म्हणूनच तयार फिगर घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एखादे लहान हाय ग्रेड किट जोडायला सांगतो. मात्र हा सल्ला सोयीचा आहे, योग्यतेची परीक्षा नव्हे.

आणि 'निव्वळ गिऱ्हाईक' हा शिक्का मारायचाच असेल, तर तो आम्हा किटवाल्यांवर आधी मारावा लागेल. न जोडता रचून ठेवलेल्या किटांच्या ढिगासाठी जपानी भाषेत 'त्सुमिपुरा' असा स्वतंत्र शब्दच आहे, यावरून हा रोग किती सार्वत्रिक असावा याची कल्पना यावी. माझ्या कपाटात आज अशी अकरा खोकी आहेत, त्यांतले एक तर परफेक्ट ग्रेडचे आहे, आणि त्याला हात लावण्याचा मुहूर्त मी गेली सात वर्षे शोधत आहे. तयार फिगर घेणारे माझे स्नेही दर आठवड्याला एक फिगर कपाटातून काढतात, मऊ ब्रशने धूळ झटकतात, तिची ढब बदलतात, दिवा इकडून तिकडे सरकवून सावली कुठे पडते ते पाहत बसतात. आम्हा दोघांत वस्तूशी अधिक संबंध कोणाचा आहे, हे मी निराळे सांगत नाही.

शेवटी एक छोटी दुरुस्ती सुचवतो. लेखासोबतच्या मोठ्या छायाचित्राखाली 'हाताने जोडलेले व रंगवलेले किट' अशी ओळ आहे. त्यातील रोबोच्या वाकवलेल्या गुडघ्यामागे उघडा पडलेला दांडा चकचकीत धातूचा आहे, खांद्यावरची बारीक अक्षरे डिकॅलची कड न दिसता थेट पृष्ठभागावर छापलेली आहेत, आणि पायाखालचा स्टँडही फिगरसोबत येतो तसाच आहे. माझ्या मते ती कारखान्यातून जोडून आलेली फिगर आहे. लेखकाकडून खात्री करून घेऊन पुढील अंकात तसा खुलासा करावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक