लातूरच्या मेसवाल्या मावशींना

मावशी, नमस्कार.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नावावरून, प्रियकराच्या छळातून तुम्ही सावरलेल्या त्या मुलीपर्यंत पोचायला क्लासच्या गल्लीत वेळ लागत नाही. छळ झालेल्या मुलींची कामं पाहणाऱ्या आम्ही वकील आणि समुपदेशक. तुम्ही जे केलं त्याचे आभार, आणि जे टाळलं त्याचे जास्त.

"त्याच्या नादी लागलीसच कशाला?" असं तुम्ही विचारलं नाही. घरी परस्पर फोन लावला नाही. आपल्याकडं असा फोन गेला की पोराचं काही बिघडत नाही. पोरीची बॅग दुसऱ्या दिवशी एसटीत चढते आणि पोरगी पुढच्या लगीनसराईत बोहल्यावर. (अठरा पूर्ण होती म्हणून हे चाललं. त्याआतली असेल तर लैंगिक अत्याचार पोलिसांना कळवणं पोक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानं बंधनकारक आहे.)

ती मेसेज पुसायला निघाली होती, तुम्ही थांबवलंत. पुरावा बहुतेकदा इथंच जातो. आधी नंबर, तारीख, वेळ दिसतील असे स्क्रीनशॉट, मग चॅट एक्स्पोर्ट, म्हणजे सगळं संभाषण फाइल करून ठेवणं, ब्लॉक सगळ्यात शेवटी. आणि मूळ फोन फॉरमॅट करायचा नाही. व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मधून त्याचा लॅपटॉप काढलात, लोकेशन शेअरिंग बंद केलंत, पासवर्ड तुमच्या फोनवरून बदलायला लावलेत. हे शिकल्यासवरलेल्यांनाही सुचत नाही.

गळा दाबला होता एवढं ऐकून, व्रण नसताना तुम्ही तिला सरकारी दवाखान्यात नेलंत, एमएलसी, म्हणजे पोलीस केससाठीची डॉक्टरी नोंद, करून घेतलीत. गळा आवळल्यावर बऱ्याचदा बाहेर काही दिसत नाही, आतली सूज मात्र काही तासांनीही वाढते. आवाज घोगरा झाला, गिळताना दुखलं की थांबायचंच नाही. गळ्याला हात घालणारा पुढं जिवावरही उठू शकतो. म्हणून "शेवटचं एकदा भेट" या निरोपाला तुम्ही तिला जाऊ दिलं नाही, ते फार बरं केलंत; संबंध तोडतानाच धोका वाढतो.

"लग्न नाही, तर केस कसली?" हे अर्धवट आहे. 2005 चा घरगुती हिंसाचार कायदा एका घरात कधीच न राहिलेल्या बिनलग्नाच्या जोडप्याला लागत नाही, इतकंच खरं. पाठलागाला भारतीय न्याय संहितेचं कलम 78 आहे, धमकीला 351. प्रकार परभणीत घडला तरी लातूरला झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता घेतलेली तक्रार, होते. फोटो व्हायरल करायची धमकी असेल तर सायबर गुन्ह्यांची हेल्पलाइन 1930. छळ झालेल्या बायकांसाठीच्या सरकारी सखी केंद्रात 5 दिवसांपर्यंत राहता येतं, त्यासाठी महिला हेल्पलाइन 181. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील बाईला उत्पन्न न बघता फुकट मिळतो, 15100 वर.

हे नंबर मेसच्या कार्डामागं छापू या का? भिंतीवर नको, तिथं तोही जेवायला येतो. छपाईचा खर्च आमच्याकडं.

तुमच्या आभारी,
जिल्ह्यातल्या वकील व समुपदेशक मैत्रिणी