कपाटाची किल्ली गणिताच्या बाईंकडेही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन उरकला की शाळांतली गोष्टींची पुस्तके पुन्हा कपाटात जातात. एरवी निघालीच, तर मराठीच्या तासाला. मी कराडजवळच्या एका शाळेत नववीला गणित शिकवते. या पुस्तकांवर आम्हा गणित-विज्ञान-भूगोलवाल्यांचाही हक्क आहे, असे माझे म्हणणे आहे.

‘गलिव्हर’चेच घ्या. १७२६ साली जोनाथन स्विफ्टने ते छापले ते काही मुलांसाठी नव्हे, पण मुलांनी ते केव्हाच आपलेसे केले. लिलिपुट या बुटक्यांच्या बेटावरच्या माणसांपेक्षा गलिव्हर बारापट उंच. मग त्याला किती जणांचे जेवण लागेल? वर्गातून हमखास उत्तर येते, बारा. राजाचे गणिती मात्र घनफळाचा विचार करतात : १२ × १२ × १२, म्हणजे १७२८. मी हे फळ्यावर मांडत असताना एक मुलगी म्हणाली, “पण बाई, कापड एवढं नाही लागायचं.” तिची आई शिवणकाम करते. कापड लागेल १४४ पट! पृष्ठफळ आणि घनफळ यांतला फरक पाण्याच्या टाकीच्या उदाहरणांनी इतक्या चटकन कधी पोचत नाही.

त्या गोष्टीत शिवणकाम करणाऱ्या बायका दोरीने गलिव्हरची लांबी मोजतात आणि घेरासाठी फक्त अंगठ्याचे माप घेतात. अंगठ्याच्या घेराच्या दुप्पट मनगट, त्याच्या दुप्पट मान, मानेच्या दुप्पट कंबर. आमच्या मुलांनी दोरा घेऊन स्वतःची मापे काढली. कंबरेपाशी बऱ्याच जणांचा हिशेब बिघडला आणि ‘साधारण दुप्पट’ म्हणजे नेमके किती, यावर तास संपेपर्यंत भांडण झाले. विज्ञानाच्या सरांनी पुढे विचारले, बारापट उंच राक्षस उभा तरी राहील का? वजन १७२८ पट, हाडाच्या छेदाचे क्षेत्रफळ मात्र १४४ पट; म्हणजे हाडावर दर चौरस सेंटिमीटरला बारापट भार. गॅलिलिओने १६३८ सालच्या ग्रंथात हाच मुद्दा मांडला आहे. भूगोलासाठी ज्यूल व्हर्नची ऐंशी दिवसांची पृथ्वीप्रदक्षिणा आहेच. पूर्वेकडे जाताना दर रेखांशाला घड्याळ चार मिनिटे पुढे, ३६० रेखांशांचा अख्खा दिवस. वाररेषेचा धडा आणखी काय सांगतो?

अर्थात, दिसेल त्या गोष्टीला गणित चिकटवू नये. परीकथेतल्या भोपळ्याचे घनफळ काढायला लावणे हा जुलूमच. हिशेब गोष्टीच्या पोटातच हवा.

आमच्या शाळेतल्या संक्षिप्त प्रतीत जेवणाचा हिशेब आणि अंगठ्याचे माप, दोन्ही गाळलेले आहे. मला ते मूळ इंग्रजीतून वाचून सांगावे लागले. रूपांतरकारांनी हवे तर लढाया कमी कराव्यात, आकडे ठेवावेत. आणि ग्रंथालयासाठी पुस्तकांची यादी ठरते तेव्हा मुख्याध्यापकांनी गणित-विज्ञानाच्या शिक्षकांनाही बोलवावे.

आपली,
एक गणितशिक्षिका, कराड