शून्य की ओ?

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतील हेल्व्हेटिकावरचा लेख आवडला. तीस वर्षे डीटीपीच्या धंद्यात काढली, तेव्हा या फॉन्टचे कौतुक मलाही आहेच. 1957 साली स्वित्झर्लंडमधल्या हास या छपाईचे टाइप बनवणाऱ्या फाउंड्रीत माक्स मीडिंगर यांनी तो रेखाटला. अक्षरांच्या टोकांना सेरिफ म्हणजे छोटी शेपटी नाही, रेघांची जाडी जवळपास एकसारखी, टोके आडवी कापलेली. लेखात एरियलचा उल्लेख हवा होता. 1982 च्या या फॉन्टमध्ये अक्षरांची रुंदी मुद्दाम हेल्व्हेटिकाएवढी ठेवली, म्हणून एकाच्या जागी दुसरा टाकला तरी ओळी हलत नाहीत. गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. मी कॅपिटल आरचा पाय बघतो: हेल्व्हेटिकात तो सरळ खाली उतरतो, एरियलमध्ये तिरका जातो.

मात्र हेल्व्हेटिका ‘कुठेही चालतो’, हे लेखातले वाक्य पटले नाही.

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या पाट्यांवर तो शोभतो, कारण तिथे अख्खा शब्द वाचायचा असतो. एखादे अक्षर पुसट दिसले तरी अडत नाही. बँकेच्या आयएफएससी कोडला असा शब्दाचा आधार नसतो. गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीची मेंटेनन्सची नोटीस मीच हेल्व्हेटिकात छापली. दिसायला झकास! दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू कागद घेऊन दारात. “अहो, हे शून्य आहे की ओ?” कोडमधले पाचवे अक्षर नेहमी शून्यच असते, पण हे त्यांना कोण सांगणार? शून्य थोडे अरुंद असते खरे, पण ते ओळखायला शेजारी ओ लागतो. खाली सेक्रेटरींचा ईमेल होता. त्यात स्मॉल एल. तो आणि कॅपिटल आय या फॉन्टमध्ये म्हणजे नुसत्या दोन उभ्या काठ्या. सोसायटीतल्या दोघांनी पाठवलेली मेल परत आली.

‘रव’ आणि ‘ख’ यांचा घोळ आपल्याकडेही होताच. ‘ख’चे पाय खाली जोडून तो मिटवला. इंग्रजीतही तसे फॉन्ट आहेत. अमेरिकेतल्या ब्रेल इन्स्टिट्यूटने 2019 मध्ये कमी दिसणाऱ्यांसाठी ॲटकिन्सन हायपरलेजिबल काढला. तोही साधा, बिनसेरिफचाच, पण त्यात आय, एल आणि एक यांची वळणे वेगळी आहेत, शून्यात तिरकी रेघ आहे. शिवाय फुकट मिळतो. पासवर्डच्या चिठ्ठ्या, ग्राहक क्रमांक, बिले छापणाऱ्यांनी निदान तेवढ्या ओळीपुरता तरी असा फॉन्ट घ्यावा. आपल्या छोट्या जाहिरातींतल्या ईमेल पत्त्यांनाही तो हवा आहे, रागावू नका.

नवी नोटीस मी त्याच फॉन्टमध्ये लावली. काकूंनी ती निरखून पाहिली आणि विचारले, “हे शून्य कोणी खोडले?”

– एक डीटीपी व्यावसायिक, पुणे