किनाऱ्यावरच्या गाड्यांचा निर्णय मतदारांच्या हाती हवा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

अमेरिकेतील मराठी माणसांविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते ते बहुधा व्हिसा, नोकऱ्या आणि अध्यक्षपदाची निवडणूक एवढ्यापुरते असते. आम्ही ज्या गावांत घरे केली तिथल्या स्थानिक कारभाराविषयी फारसे कोणी लिहीत नाही आणि खरे सांगायचे तर आमच्यापैकी पुष्कळांना त्याची माहितीही नसते. म्हणून फ्लॉरिडा राज्यातील व्होलुशिया काउंटीच्या एका प्रश्नाविषयी हे पत्र लिहीत आहे. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग. डेटोना बीच, ऑर्मंड बीच आणि न्यू स्मर्ना बीच ही गावे याच काउंटीत येतात. मी इथली रहिवासी आणि मतदार आहे.

या काउंटीला 47 मैलांचा, म्हणजे सुमारे 75 किलोमीटरचा समुद्रकिनारा आहे. त्यापैकी साधारण 17 मैलांवर लोकांना स्वतःची गाडी वाळूवर नेता येते. ही वाळू अतिशय बारीक कणांची असून ओली झाली की रस्त्यासारखी घट्ट बसते. 1903 सालापासून इथे मोटारींच्या वेगाच्या चाचण्या होत असत. 1935 साली ब्रिटिश शर्यतपटू माल्कम कॅम्पबेल यांनी याच वाळूवर ताशी सुमारे 445 किलोमीटर वेगाचा विक्रम केला. आज त्याच वाळूवर वेगमर्यादा ताशी 10 मैल, म्हणजे 16 किलोमीटर आहे. मला मात्र विक्रमांविषयी लिहायचे नाही. सार्वजनिक किनाऱ्यावरची ही वाट बंद करायची की नाही हे कोणी ठरवायचे, एवढाच माझा प्रश्न आहे.

2015 साली डेटोना बीच इथल्या हार्ड रॉक हॉटेलाच्या नियोजित जागेमागची काही शे फुटांची पट्टी गाड्यांना बंद करण्यास काउंटी कौन्सिलने, म्हणजे काउंटीचा कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाने, मान्यता दिली. हॉटेलवाल्यांचे म्हणणे असे की, भरपूर पैसे मोजून येणाऱ्या पाहुण्याला खोलीतून खाली उतरल्यावर समोर गाड्यांची रांग दिसता कामा नये. ते हॉटेल 2018 साली सुरू झाले. काही शे फूट म्हणजे 17 मैलांपुढे काहीच नव्हे, असे तेव्हा अनेकांनी म्हटले. पण आधीही काही हॉटेलांसमोरचे तुकडे असेच बंद झालेले होते आणि प्रत्येक वेळी तो तुकडा लहानच होता. साडेपाच लाखांहून अधिक वस्तीच्या या काउंटीचे कौन्सिल सात जणांचे आहे. चार हात वर झाले की एक तुकडा गेला.

यावर ‘सन्स ऑफ द बीच’ या नागरिकांच्या संघटनेने काढलेला मार्ग मला आजही पटतो. काउंटीला स्वतःची सनद, म्हणजे कारभाराची मूळ नियमावली आहे, 1970 साली मतदारांनीच मंजूर केलेली. किनाऱ्यावरची वाहतूक आणखी कुठेही बंद करायची असेल तर आधी मतदारांची मंजुरी घ्यावी लागेल, अशी दुरुस्ती त्या सनदेत करावी, एवढीच त्यांची मागणी होती. गाड्या कायम चालल्याच पाहिजेत, असे त्यात कुठेही म्हटलेले नव्हते. लोकांनी बंदीच्या बाजूने कौल दिला तर बंदी, हे मागणी करणाऱ्यांनी आधीच मान्य केले होते. त्यासाठी कार्यकर्त्यांनी दुकानांच्या दारांत आणि रस्त्यावरून वाळूवर गाडी नेण्याच्या उतारांवर टेबले मांडून मतदारांच्या सह्या गोळा केल्या. अशी प्रत्येक सही निवडणूक कार्यालय मतदार यादीतल्या सहीशी ताडून पाहते, त्यामुळे हे काम किती चिकाटीचे असते ते सहज लक्षात यावे. पुढे प्रकरण न्यायालयात गेले. किनाऱ्यावरच्या वाहतुकीचा अधिकार राज्याच्या कायद्याने कौन्सिलकडे दिलेला असल्यामुळे ही दुरुस्ती मतदानाला ठेवता येणार नाही, असा निर्णय झाला.

न्यायालयाचा निर्णय मी मानते. परंतु मतदारांचा कौल कौन्सिलवर बंधनकारक करता येत नसला, तरी तो विचारायलाच मनाई आहे, असा त्याचा अर्थ मला तरी लागत नाही. बंदीचा प्रत्येक नवा प्रस्ताव आधी सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपत्रिकेवर सल्ल्यापुरता ठेवायचा आणि कौल कळल्यावरच त्यावर मतदान करायचे, असे कौन्सिलला स्वतः ठरवता येईल. लोकांचे मत छापील आकड्यांत समोर असताना त्याच्या विरुद्ध हात वर करणे सभासदाला जड जाईल, आणि ते जड जायलाच हवे.

माझे माहेर दापोली तालुक्यातले. हर्णै बंदरावर होड्यांतली मासळी आणायला बैलगाड्या थेट पाण्यात उतरताना मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. त्याच किनारपट्टीवर हौसेने जीप घालून भरतीत अडकलेले पर्यटकही पाहिले आहेत. त्यामुळे किनाऱ्यावर गाडी म्हटले की मराठी वाचकाच्या कपाळाला आठी पडते, याची मला कल्पना आहे. पण तिकडची जीप नियम धुडकावून घुसलेली असते. इथे गाडी उताराच्या नाक्यावरून आत येते, खांबांनी आखून दिलेल्या पट्ट्यातच चालते, काचा खाली आणि दिवे चालू ठेवते. भरती वर चढली की उतार बंद होतात आणि सूर्यास्तानंतर वाळूवर गाडी ठेवता येत नाही.

माझी आई दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे आली तेव्हा एक्याऐंशी वर्षांची होती आणि वॉकर घेऊन चालत होती. कोरड्या वाळूत वॉकरचे पाय रुततात, दहा पावलेसुद्धा पडत नाहीत. आम्ही ऑर्मंड बीचच्या उतारावरून गाडी खाली घेतली आणि पाण्यापासून वीसेक पावलांवर, दार समुद्राकडे येईल अशी उभी केली. तिथली वाळू ओली आणि टणक होती. वॉकर न रुतता पुढे सरकत गेला आणि आई एकेक पाऊल टाकत फेसापर्यंत पोहोचली. लाट पायांवरून परत गेली, टाचांखालची वाळू सरकली, तेव्हा तिने माझा दंड घट्ट धरला आणि म्हणाली, “हर्णैला शेवटची पाण्यात उभी राहिले त्याला बावीस वर्षं झाली गं.” गाड्या बंद झालेल्या भागात हेच करायचे तर महामार्गापलीकडच्या वाहनतळावर गाडी लावून, चार पदरी रस्ता ओलांडून, लाकडी पायऱ्या उतरून मऊ वाळू तुडवत जावे लागते. तरण्याताठ्या माणसाला त्याचे काही वाटणार नाही. माझ्या आईला, चाकांच्या खुर्चीतल्या माणसाला किंवा दोन लहान मुले, छत्री आणि बर्फाची पेटी सांभाळणाऱ्या एकट्या बाईला तो किनारा असून नसल्यासारखा होतो. हॉटेलच्या पाहुण्याला मात्र लिफ्टने खाली उतरले की समुद्र समोर.

गाड्यांच्या विरोधात दोन आक्षेप गंभीर आहेत. पहिला समुद्री कासवांचा. 1995 साली कासवांच्या वतीने काउंटीवर खटला भरला गेला आणि त्यानंतर काउंटीला संघराज्य सरकारची परवानगी घेऊन संरक्षणाची योजना आखावी लागली. रात्रीच्या गाड्या थांबल्या, वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी गाड्यांना मज्जाव असलेला पट्टा राखला गेला, आणि पिल्ले बाहेर पडायच्या वेळी घरट्यांपुढचे चाकांचे चर बुजवले जाऊ लागले. कोकणातल्या वेळासला गावकऱ्यांनी कासवांची घरटी कशी राखली हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. घरटी खुंट्या आणि दोरी लावून राखलेली इथे दिसतात, तेव्हा मला तेच आठवते. हे नियम सैल करण्याला माझा ठाम विरोध राहील.

दुसरा आक्षेप माणसांच्या जिवाचा. 2010 साली काही महिन्यांच्या अंतराने चार वर्षांची दोन मुले या किनाऱ्यावर गाडीखाली सापडून दगावली. त्यावर कोणतेही समर्थन असू शकत नाही. वर्दळीच्या दिवशी गाड्यांची संख्या आणखी मर्यादित करा, मुलांसाठी गाडीविरहित पट्टे राखा, बेपर्वा चालकाला कायमची बंदी घाला, या सगळ्याला माझा पाठिंबा आहे. सुरक्षिततेसाठी एखादा भाग बंद करायचा प्रस्ताव आला तर मी स्वतः त्याच्या बाजूने मत देईन. माझी हरकत एवढीच की, बंद होणारे तुकडे सुरक्षिततेच्या नकाशाप्रमाणे ठरत नाहीत, ते हॉटेलांच्या नकाशाप्रमाणे ठरतात.

यामागे कायद्याचाही एक मुद्दा आहे. फ्लॉरिडात भरतीच्या सरासरी रेषेच्या खालची जमीन जनतेची असते, तिच्या वरची कोरडी वाळू पुष्कळदा खासगी मालकीची. 1974 साली डेटोना बीचच्याच एका खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कोरड्या वाळूवर उभारलेला मनोरा राहू दिला, पण त्याच वेळी त्या कोरड्या वाळूवरही लोकांचा जुन्या वहिवाटीचा हक्क आहे, हे मान्य केले. वहिवाट म्हणजे काय हे कोकणातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. पिढ्यान्‌पिढ्या बिनतक्रार वापरात असलेली वाट आपल्याकडे गावकरी सहजी सोडत नाहीत, कारण वापर थांबला की हक्क सांगायला तोंड उरत नाही. टेक्सास राज्यात 2009 साली सार्वजनिक किनाऱ्यावर जाण्याचा लोकांचा हक्क थेट राज्यघटनेत घालण्याचा प्रस्ताव मतदानाला आला होता आणि तीन-चतुर्थांशाहून अधिक मतदारांनी तो मंजूर केला. तेव्हा असा प्रश्न मतदारांच्या आवाक्याबाहेरचा आहे, हे म्हणणे मला पटत नाही.

व्होलुशियात नागरिकत्व घेतलेली मराठी कुटुंबे आहेत, आणि डेटोना बीचच्या विमानविद्या विद्यापीठात शिकायला आलेली मुले पुढे याच राज्यात स्थायिक झालेलीही मला माहीत आहेत. हे पत्र त्यांच्या आईवडिलांच्या वाचनात आले तर त्यांनी ते मुलांना जरूर पाठवावे. कौन्सिलची निवडणूक अध्यक्षपदाइतकी गाजत नाही आणि मतपत्रिकेवर ती खाली असल्याने अनेकजण तिथवर पोहोचण्याआधीच थांबतात. या वेळी तसे करू नका. आपल्या विभागातल्या प्रत्येक उमेदवाराला एकच प्रश्न लेखी विचारा: किनाऱ्याचा आणखी एक फूटही बंद करण्याआधी तुम्ही आम्हाला मतपत्रिकेवर विचाराल का? उत्तरही लेखीच मागा.

कळावे,

आपली,
एक नियमित वाचक
ऑर्मंड बीच, फ्लॉरिडा