चित्रपुस्तकाला तात्पर्य कशाला हवं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला मुलांना दयाळूपणा आणि रोजच्या जगण्याची गोडी शिकवणाऱ्या चित्रपुस्तकांवरचा लेख वाचला. विषय घेतलात त्याबद्दल आधी मनापासून आभार, हल्ली मुलांच्या पुस्तकांना एवढी जागा कोण देतं. पण वाचल्यापासून जी चिडचिड झालीय ती काही जाईना, म्हणून सकाळीच लिहायला बसले. यादीत एकही मराठी पुस्तक नाही, आणि वर पालकांना सल्ला काय, तर शेवटी मॉरल स्पष्ट लिहिलेलंच पुस्तक घ्या आणि वाचून झालं की मुलाला विचारा, यातून तू काय शिकलास? माझं भांडण आहे ते या सल्ल्याशी.

मी झेडपीच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवायचे, आता रिटायर झालेय. साताऱ्यात आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये एका जुन्या कपाटात मुलांची पुस्तकं ठेवलीयत, संध्याकाळी पोरं येतात, सतरंजी टाकून वाचत बसतात. मागच्या वर्षी 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनासाठी गावातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेनं आसपासच्या सोसायट्यांकडे पुस्तकं मागितली. मी आमच्या कपाटातली चांगली चांगली चित्रपुस्तकं निवडली, फाटलेली पानं चिकटवली, कव्हरं घातली आणि नेऊन दिली. आठवड्याभरात पिशवी जशीच्या तशी परत! शिपायाबरोबर निरोप, पुस्तकं छान आहेत पण मजकूर फार कमी आहे आणि मॉरल नाहीये. मी फोन केला तर मॅडम म्हणाल्या, "काकू, व्हॅल्यू एज्युकेशनच्या तासाला वापरायची होती, शेवटी प्रश्नोत्तरं हवीत, नाहीतर पालक विचारतात मुलं शिकली काय." मी म्हटलं अहो, मुलांना चित्र बघून शंभर प्रश्न पडतात, ते ऐका की. तर "बघते" म्हणाल्या आणि ठेवला फोन.

त्या परत आलेल्या पिशवीत आठवडी बाजाराचं एक पुस्तक होतं. त्यात एका जोडपानावर सगळा बाजार भरलाय आणि खाली मजकूर एकच ओळ, आई भाजी घेते आहे. आमच्याकडे येणारा एक पहिलीतला मुलगा त्या पानावर जो थांबला तो पुढे जाईचना. शेजारच्यानं दोनदा पान उलटायचा प्रयत्न केला तर हा हात धरून ठेवतोय. मग बोट ठेवून म्हणाला, "आजी, ही बघा, हिनं हिची छत्री त्या कोथिंबीरवाल्या म्हाताऱ्या बाईवर धरलीय, आणि ही स्वतः उन्हात." अगदी कोपऱ्यात, अंगठ्याच्या नखाएवढं चित्र. मजकुरात त्याचा उल्लेखही नाही. झालं, बाकीची पोरं पण पानावर तुटून पडली, कुणाला चहाच्या टपरीखाली कुत्र्यासाठी ठेवलेली पाण्याची परात दिसली, एक मुलगी म्हणाली त्या छत्रीवाल्या बाईच्या पायात चप्पल पण नाहीये, तिला किती चटके बसत असतील. आता सांगा, दुसऱ्याच्या पायाला चटके बसत असतील हे सहा वर्षांच्या पोरीच्या आपणहून मनात आलं, याच्यावर आणखी काय शिकवायचं असतं?

तेवढ्यात त्या मुलाची आई त्याला न्यायला आली. तिनं अगदी कौतुकानं विचारलं, "मग, काय शिकलास यातून?" तर हाच मुलगा ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "नेहमी खरे बोलावे." त्या पुस्तकात खऱ्याखोट्याचा काडीचा संबंध नाही! पण तात्पर्य विचारलं की असलं एखादं वाक्य म्हटलं की सुटका होते, हे पोरांना शाळेत जाऊन दोन महिन्यांत कळतं. त्यात त्या आईचा दोष नाही, तिला आपणच लेख लिहून लिहून हे विचारायला शिकवलंय.

इसापनीतीला तात्पर्य असू दे, तो प्रकारच वेगळा. चित्रपुस्तकात मोठं माणूस मजकूर वाचत असतं तेव्हा मूल चित्र वाचत असतं, त्याला तिथे एकट्याला काहीतरी सापडतं. रोजचं जगणं आवडायला लागणं म्हणजे तरी दुसरं काय. त्यासाठी पाच वर्षांच्या पोराकडून कृतज्ञतेची डायरी लिहून घ्यायची गरज नाही (लेखात तोही सल्ला होता).

आणि मराठीत काहीच नाही असं वाचकांना वाटायला नको. माधुरी पुरंदरे स्वतः लिहितात, स्वतः चित्रं काढतात, 2014 ला साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालाय त्यांना, 2016 ला टाटा ट्रस्टच्या पराग या बालसाहित्याच्या उपक्रमाचा बिग लिटल बुक पुरस्कारही. ज्योत्स्ना प्रकाशनाची 'राधाचं घर' घेऊन बसा कुठल्याही मुलाला, त्यात साधी घरातली माणसं आहेत, उपदेश नाही. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालयातली पातळ पुस्तकं आहेत. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे मुलांच्या गोष्टींचं संकेतस्थळ 2015 पासून चालू आहे, मोबाइलवर मराठीत फुकट वाचता येतं, सोप्याकडून अवघडाकडे अशा वाचनाच्या चार पातळ्या केल्यात, गोष्टींच्या प्रिंट काढून वाटली तरी चालतात. लेखातल्या परदेशी पुस्तकांबद्दल माझं काही वाईट मत नाही, पण त्यातल्या एकेका जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकाच्या पैशात आपल्याकडची चार-पाच येतात, आणि शेजाऱ्याच्या दारातला बर्फ काढून देण्यापेक्षा हापशावर दुसरीची कळशी उचलू लागणं आमच्या पोरांना लगेच समजतं.

जाता जाता अजून एक. पूर्वी तुमच्या रविवार पुरवणीत मुलांचं एक पान असायचं, गोष्ट, कोडं, मुलांनी पाठवलेली चित्रं. आधी ते अर्ध्यावर आलं, मग त्या अर्ध्यात क्लासेसच्या जाहिराती आल्या, आता तेही दिसत नाही. पालकांना सल्ले द्यायला जागा आहे आणि मुलांना वाचायला नाही, हे मला पटत नाही. महिन्यातून एकदा तरी ते पान पुन्हा सुरू करा आणि त्यात एका मराठी चित्रपुस्तकाचं एक पान नीट मोठं छापा. सोबत प्रकाशक, किंमत आणि पोस्टानं कसं मागवायचं तेही द्या, कारण तालुक्याच्या गावात गाइडं सोडून दुसरं पुस्तक दुकानात मिळत नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा