सर्व टीम लीड्सना : वन-ऑन-वनची नवी फेरी

नमस्कार मंडळी,

सोमवारपासून वन-ऑन-वन, म्हणजे टीममधल्या प्रत्येकाशी लीडने समोरासमोर, दोघांतच बोलायच्या भेटी, सुरू होत आहेत. प्रत्येकाला निदान ३० मिनिटं द्या. क्लायंटचा कॉल आलाच, तर त्याच आठवड्यातली दुसरी वेळ लगेच कळवा. भेट रद्द मात्र करू नका.

ही भेट तुमच्या टीममधल्या माणसांची आहे. चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीचे माजी प्रमुख अँडी ग्रोव्ह हेच सांगायचे, की विषय हाताखालच्या माणसाने ठरवायचे. म्हणून मुद्दे आदल्या दिवशी त्यांच्याकडूनच मागवा. कामाचं स्टेटस तिथे नको, त्यासाठी सकाळची मीटिंग आहेच.

मागच्या फेरीत माझ्या टीममधली एक जण २० मिनिटं "सगळं ठीक आहे सर" एवढंच म्हणत होती. मी लॅपटॉप मिटून गप्प बसलो. उठता उठता, दाराच्या मुठीवर हात असताना ती म्हणाली, "आईचं ऑपरेशन झालंय, रात्रपाळीत ती घरी एकटी असते." पुढच्या आठवड्यापासून तिची पाळी बदलली. (तिला विचारूनच हे लिहितोय. एरवी तिथलं बोलणं कुठेही जाता कामा नये.)

घाईत आटोपलं असतं, तर हे कळलंच नसतं. काय ठरलं ते दोन ओळींत लिहून ठेवा, पुढची भेट तिथूनच सुरू करा.

वेळापत्रक शुक्रवारपर्यंत ग्रुपवर टाका.